आमची वाटचाल : आधी वायर, मग स्क्रू

आम्ही फक्त गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीनं, दुरुस्त करतो. मोबाईल नाही, लॅपटॉप नाही, "दादा एवढा हेडफोन पण बघा ना" तेही शक्यतो नाही (बघतो शेवटी, पण बिलात लिहीत नाही). धंदा आम्ही दोघा भावांनी सुरू केला, नंतर ताईने फोन आणि काउंटर हातात घेतला, आणि फर्मला फर्मसारखी शिस्त लागली ती तेव्हापासून.

आमची वाटचाल सांगायची तर बिघाडांचीच सांगावी लागते. कन्सोलची पिढी बदलली की मशीन बिघडायची जागा बदलते, मग आपलं हत्यार बदलतं, सुटे भाग बदलतात, गिऱ्हाईकाची तक्रार करायची भाषासुद्धा बदलते. एकच गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे "डेड आहे" म्हणून आलेलं मशीन बरेचदा डेड नसतंच. आमचा धंदा उभा राहिला तो सोल्डरिंगवर (धातू वितळवून बोर्डावर भाग जोडण्यावर) नाही, तर मशीन उघडायच्या आधी काय बघायचं ह्यावर. हे ऐकायला भारी वाटत नाही, पण आहे तसं आहे.

सुरुवात कॅसेटवाल्या मशीनपासून. निन्टेन्डोचं फॅमिकॉम १९८३ चं, त्याचा एनईएस अवतार १९८५ चा, पण ही मशीनं लोकांनी इतकी जपून ठेवलीत की अजूनही बेंचवर येतात. तक्रार ठरलेली, लाल लाईट चालू-बंद, चालू-बंद आणि टीव्हीवर नुसता कोरा रंग. एनईएसमध्ये एक लॉकची चिप असते, तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये, दोघींचं बोलणं जुळलं नाही की मशीन साधारण दर सेकंदाला स्वतःलाच रिसेट करत बसतं. बोलणं का जुळत नाही, तर ७२ पिनांचा कनेक्टर सैल झालाय नाहीतर कॅसेटचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. आणि घरोघरचा उपाय काय, तर फुंकर! फुंकरीने काही होत नाही हो, उलट तोंडातली वाफ कॉन्टॅक्टवर बसते आणि गंज वाढतो, मशीन चालू होतं ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कॉन्टॅक्ट पुसा, वाळू द्या, बस्स. पहिली कमाई ह्याच कामाची आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, गिऱ्हाईकासमोरच पुसून द्यायचो.

मग डिस्कवाले आले. पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलात लेझरची गाडी प्लास्टिकच्या रुळावर चालायची, रूळ झिजला की लेन्स तिरकी व्हायची आणि गेम अडकायचा, म्हणून लोक मशीन उलटं करून खेळायचे आणि ते खरंच चालायचंही. ह्या काळात एक सवय बाजारात फार पसरली, लेझरजवळचा छोटा पॉट, म्हणजे करंट कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवून करंट वाढवायचा, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि मरायला टेकलेला लेझर अजून लवकर मरतो. आम्ही ते करायचं नाही असं ठरवलं होतं. लेन्स साफ करा, रूळ बघा, ग्रीस बघा, नाहीच जमलं तर लेझर बदला. ह्यावरून काही गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली, जाऊ दे.

खरी गर्दी झाली ती गरम होणाऱ्या मशीनांच्या काळात. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आलं आणि त्याची ती तीन लाल लाईटांची रिंग गेमर नसलेल्यांनाही माहीत झाली. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली, म्हणजे प्रकरण किती मोठं होतं बघा. पण त्यातही गंमत अशी की रिंगच्या चार भागांपैकी किती लाल हे कुणी मोजायचंच नाही. तीन लाल म्हणजे आत गडबड, दोन म्हणजे जास्त तापलंय, आणि चारही लाल म्हणजे नुसती टीव्हीची केबल नीट बसली नाहीये! केबल परत बसवली की झालं, आणि माणूस तोंड पाडून आलेला असायचा. तीन लाल असले तरी सिंकचं (कंट्रोलर जोडायचं) बटण दाबून धरायचं आणि इजेक्ट, म्हणजे डिस्क बाहेर काढायचं बटण, दाबत जायचं, दर दाबाला किती लाईट लागतात ते लिहायचं, चारही लागले तर शून्य, असा चार आकडी कोड मिळतो आणि पॉवर, रॅम की ग्राफिक्स चिप ह्याचा अंदाज स्क्रू न उघडता येतो.

त्या वेळी सगळीकडे रिफ्लो चालायचा. हीट गनने चिप तापवायची, काहीजण तर चालू मशीन टॉवेलात गुंडाळून तापवायचे (हे करू नका, आग लागेल). मशीन चालू व्हायचं, थोडे दिवस चालायचं, परत बंद. लोकांचा समज असा की चिपखालचं शिसंविरहित सोल्डर तडकतंय, पण २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी सांगितलं की तडे चिपच्या आतल्या जोडांना जात होते, तापणं-थंड होणं तापणं-थंड होणं ह्याने. म्हणजे बाहेरून कितीही शेका, आतलं दुखणं जागेवरच. आम्ही रिफ्लो करून कधी दिला नाही, "हे टिकणार नाही" असं तोंडावर सांगून मशीन परत दिलंय. कमाई बुडाली त्यात, पण तीच माणसं पुढच्या पिढीचं मशीन घेऊन आमच्याकडेच आली.

आणि एक दिवस फोन थांबेनात, १ मार्च २०१०. जुनी जाडी प्लेस्टेशन ३ एकाच वेळी रुसली, तारीख चुकीची, नेटवर्क नाही, काही गेम सुरू होईनात. कारण काय तर आतल्या घड्याळाला वाटलं २०१० लीप वर्ष आहे. प्रत्येकाला एकच उत्तर, मशीन बंद ठेवा, उघडू नका, रिसेट मारू नका. दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक झालं सगळं. एक स्क्रू न फिरवता इतक्या जणांचं काम झालं असा दिवस परत आला नाही.

ताईचा फोन हा आमच्याकडचा सगळ्यात महागडा टूल आहे असं धाकटा म्हणतो. तिला सोल्डरिंग येत नाही आणि शिकायचंही नाही, पण प्रश्न असे विचारते की निम्मं काम तिथेच होतं. परवाचाच एक फोन. प्लेस्टेशन ४, समोरचे काका म्हणतात चित्र येत नाही, मशीन गेलं.

"काका, लाईट कुठला आहे?"
"पांढरा."
"निळा होऊन मग पांढरा होतो ना? आणि पांढराच राहतो?"
"हो, राहतो. पंखा पण फिरतोय."
"टीव्ही तोच आहे का जुना?"
"नाही, टीव्ही मोठा घेतला होता, पण मशीन आता मुलाच्या खोलीत जुन्या टीव्हीला लावलंय."

झालं! मोठ्या टीव्हीसाठी लावलेलं रिझोल्यूशन जुन्या टीव्हीला झेपत नव्हतं. ताईने सांगितलं, मशीन पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, एक बीप येईल, सोडू नका, साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप आली की सोडा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीपुरता साधा मेनू, येतो, तिथे रिझोल्यूशन बदलायचा पर्याय असतो. काका म्हणाले स्क्रीन आली पण रिमोट चालत नाही. सेफ मोडमध्ये कंट्रोलर वायरनेच जोडावा लागतो. वायर जोडलीये म्हणाले, तरी नाही. इथे आमच्या अनुभवाचं एक गुपित, काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतात, कंट्रोलर चार्ज होताना दिसतो पण मशीनला कळत नाही तो जोडलाय ते. काकांनी दुसरी केबल लावली आणि पलीकडून नुसतं "अरेच्चा" ऐकू आलं.

सेफ मोडमध्ये आणखी एक सांगावंसं वाटतं, डेटाबेस रिबिल्ड (आतल्या फाईलींची यादी नव्याने बनवणं) केल्याने गेम किंवा सेव्ह जात नाहीत, पण इनिशियलाईज किंवा सिस्टीम सॉफ्टवेअर परत टाकणं म्हणजे सगळं साफ. लोक घाईत शेवटचाच पर्याय दाबतात. आणि पेनड्राईव्हने सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर तो फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, आत फोल्डरची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरात जशी सांगितली तशीच हवीत, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मशीन म्हणणार फाईल नाही.

आता पांढरा लाईट आहे, रिझोल्यूशनही बदललं, केबल बदलली, टीव्ही बदलला, तरी काळं. मग मात्र आमच्या बेंचवर या. एचडीएमआय पोर्टमध्ये टॉर्च मारून बघायचं, १९ पिनांतली एखादी वाकलेली किंवा आत ढकललेली दिसते, बहुतेक वेळा मशीन हलवताना केबल ओढली गेलेली असते. पोर्ट बदलणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही, बोर्ड अनेक थरांचा, ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता पिऊन टाकतो, म्हणून आधी खालून बोर्ड गरम करावा लागतो, नाहीतर घाईत ओढलेल्या पोर्टसोबत पॅड (बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, ज्यावर पिना जोडतात) उखडून येतात आणि मग मायक्रोस्कोपखाली केसाएवढी तार जोडत बसायचं. घरी प्रयत्न करून मग आमच्याकडे आणलेलं मशीन असेल तर धाकटा काही बोलत नाही, फक्त चष्मा पुसतो.

पॉवर सप्लायबद्दल जरा गंभीरपणे. मशीन प्लगमधून काढलं तरी सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज शिल्लक असू शकतो, यूट्यूब बघून तिथे स्क्रूड्रायव्हर घालू नका. आणि हो, झुरळं. हसू नका, हा आमच्या धंद्यातला मोठा विषय आहे. मशीन गरम, जाळ्या मोठ्या, आत अंधार, त्यांना अजून काय पाहिजे. एका मशीनचा सप्लाय उघडला तर बोर्डावर तपकिरी चिकट डागांचा थर, फ्यूजच्या शेजारी दोन पायांमध्ये आडवं पडून जळालेलं झुरळ, आणि वास असा की आम्ही तिघेही बाहेर. अशी मशीनं आता हवाबंद पिशवीत बांधून वेगळी ठेवतो, आधी ती प्रजा निपटायची, मग दुरुस्ती. आलेल्या माणसाला ह्यात लाजण्यासारखं काही नाही, स्वच्छ घरातही होतं.

धुळीचं तर सांगायलाच नको, पंखा आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) ह्यांच्या मध्ये ती नमद्यासारखी दाट बसते आणि मग मशीन विमानासारखं ओरडतं असं सगळे म्हणतात. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो सुसाट फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. आतली थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी मलई, वाळली असेल तर ती बदलायची.

हल्ली सगळ्यात जास्त काम कंट्रोलरचं. कुणी हात लावला नाही तरी गेममधलं पात्र आपलं एका बाजूला चालत राहतं, ते ड्रिफ्ट. अंगठ्याने हलवायच्या स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर एक सरकती पत्ती घासते, पट्टा झिजला की मधली जागा हरवते. क्लीनर मारला की काही दिवस बरं वाटतं, पण झिजलेला कार्बन क्लीनरने परत येत नाही ना. आधी सेटिंगमध्ये डेडझोन (मधली जागा, जिथली हालचाल गेम धरत नाही) वाढवून बघा, फुकटात भागत असेल तर भागवा. नाहीतर स्टिक बदलायची, चौदा पाय डीसोल्डर करायचे आणि नंतर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे मधली जागा परत ठरवून द्यायची, हे शेवटचं बरेच जण सोडून देतात आणि म्हणतात नवीन स्टिकही खराब निघाली. हॉल इफेक्टवाल्या स्टिकमध्ये चुंबक असतो, घासण्यासारखं काही नाही, जिथे बसते तिथे आम्ही तीच सुचवतो.

काही कामं आम्ही घेत नाही. जुन्या मशीनचा डिस्क ड्राईव्ह सेकंडहँड मिळाला म्हणून कुणी अख्खा बदलायला सांगतं, पण प्लेस्टेशन ३, ४ आणि एक्सबॉक्स ३६० मध्येही ड्राईव्हचा बोर्ड मदरबोर्डशी जोडी बांधलेला असतो, दुसरा लावला की गेम वाचत नाही, मूळ बोर्ड तोच ठेवून बाकीचं बदलावं लागतं. आणि प्लेस्टेशन ५ मध्ये चिपवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे, ते वीज वाहून नेतं, शेजारच्या भागावर एक थेंब गेला तरी शॉर्ट. ती मशीनं सध्या फक्त धाकटाच उघडतो, आणि दुसऱ्या कुणी आधी उघडलेली असतील तर आम्ही आधी फोटो काढून गिऱ्हाईकाला दाखवतो, मगच पुढे.

आमच्याकडे यायचं झालं तर आधी ताईला फोन करा. मशीनसोबत तुम्ही रोज वापरता तीच पॉवर केबल आणि तीच एचडीएमआय आणा, नवीकोरी नको. डिस्क आत अडकली नसेल तर काढून ठेवा, सेव्ह क्लाउडवर किंवा पेनड्राईव्हवर घेता येत असतील तर घ्या, आणि बिघडायच्या आदल्या दिवशी घरात काय हललं, काय बदललं, टीव्ही, सॉकेट, एक्स्टेंशन, काहीही, ते एका कागदावर लिहून आणा.