तुम्ही विचारलंत म्हणून: एकोणीस पानांवर दर आठवड्याला काय लिहायचं?

मी साप्ताहिक मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, दर आठवड्याच्या चॅप्टरवर लिहिते. त्यावरचा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. "आठवड्याला जेमतेम एकोणीस पानं येतात, त्यावर इतकं काय लिहिता?" हा एक. आणि दुसरा, "त्यापेक्षा अख्खा खंड हातात आल्यावर एकदाच का नाही लिहीत?" दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

साप्ताहिक मांगा आठवड्याच्या मापानेच बेतलेला असतो. 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही जपानी साप्ताहिकं १९५९च्या मार्चमध्ये एकाच दिवशी निघाली. 'शोनेन जंप' १९६८ साली आलं आणि पुढच्या वर्षी साप्ताहिक झालं. तेव्हापासून मांगाकाचं, म्हणजे मांगा काढणाऱ्याचं, गणित ठरलेलं आहे: आठवड्याचे पहिले काही दिवस कच्चा आराखडा, ज्याला तिकडे 'नेम' म्हणतात, तो संपादकाकडून मंजूर करून घ्यायचा आणि उरलेल्या दिवसांत मदतनिसांना हाताशी धरून पानं पुरी करायची. प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी वाचकाला सात दिवस लटकवत ठेवायचं आणि पुढच्या चॅप्टरच्या पहिल्या दोन पानांत पुन्हा आत ओढायचं. खंडात असे नऊ-दहा चॅप्टर सलग येतात. तिथे हा लटकवलेला क्षण पान उलटताच संपतो. मराठी मासिकांत तळाला 'क्रमशः' वाचून महिनाभर वाट पाहिलेल्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. त्या सात दिवसांत वाचकाच्या डोक्यात काय चालतं, हाही लेखनाचाच भाग आहे, आणि तो लिहून ठेवायला दुसरी वेळ मिळत नाही.

आता करायचं कसं ते.

'मांगा प्लस' हे शुएशा या प्रकाशकाचं ॲप २०१९च्या जानेवारीपासून सुरू आहे. जपानात सोमवार लागतो त्या ठोक्याला आपल्याकडे रविवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि 'जंप'मधल्या मालिकांचे नवे चॅप्टर तेव्हाच इंग्रजीत उघडतात. बहुतेक मालिकांचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट वाचता येतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की मागचा चॅप्टर पुन्हा उघडून ताडून बघायचा असेल तर तीन आठवड्यांच्या आत बघावा.

पहिलं वाचन सलग, न थांबता. पाच-सात मिनिटं लागतात. या वाचनात एकच गोष्ट टिपायची: कुठे वेग बदलला. कुठे डोळे आपोआप धावले, कुठे अडकले, कुठे मागे जावं लागलं. ती जागा पान-क्रमांकासह लिहा, कारण दुसऱ्या वाचनात ती अडचण विरून जाते आणि आपल्याला ती आली होती हेही आठवत नाही.

दुसरं वाचन फोन आडवा धरून. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि तो छापला जातो तेव्हा उजवं आणि डावं अशी दोन पानं एकदम डोळ्यांसमोर असतात. डाव्या पानाच्या तळाची डावीकडची चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची. तिथे दार अर्धवट उघडतं, कुणीतरी मागे वळून पाहतं, किंवा वाक्य मध्येच तुटतं. पान उलटलं की उजवीकडे वर त्याचं उत्तर. मांगाका ही जागा मोजूनमापून वापरतात. उभ्या फोनवर एकेक पान सरकवताना प्रत्येकच पान 'उलटलेलं' वाटतं आणि ही योजना दिसेनाशी होते. मग कुणीतरी लिहितं, "अमुक प्रसंग उगाच ताणला." ताणलेला नसतो. पान उलटण्याच्या जागेपर्यंत पोचवण्यासाठी मुद्दाम दिलेल्या त्या दोन-तीन शांत चौकटी असतात. पानांच्या जोड्या कोणत्या हे कळत नसेल तर दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र शोधा. ते सहा-सातवर असेल तर चार-पाच, आठ-नऊ या जोड्या झाल्या.

याच वाचनात चौकटी मोजायच्या. शोनेन, म्हणजे किशोरांसाठीच्या, मालिकेत पानाला पाच ते सात चौकटी म्हणजे चॅप्टरला साधारण शंभर. हाणामारीच्या चॅप्टरमध्ये त्या बऱ्याच कमी होतात, सल्लामसलतीच्या चॅप्टरमध्ये वाढतात. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो कुठे बदलतो. सात-सात चौकटींच्या पानांनंतर एका पानावर एकच चौकट आली, तर लेखकाला तिथे तुमचा श्वास रोखायचा आहे. आडव्या ओळींमधली पांढरी फट सहसा जास्त रुंद असते आणि एकाच ओळीतल्या दोन चौकटींमधली अरुंद. नजरेने आधी ओळ संपवून मग खाली यावं म्हणून. ही फट बदलली किंवा चित्र पानाच्या कडेपर्यंत सांडलं की तेही टिपावं. नोंद अशी: "पा. ७, चौ. ३". चौकटी उजवीकडून वरून मोजायच्या.

तिसरं वाचन सगळ्या चॅप्टरचं करायचं नाही. मागच्या चॅप्टरची शेवटची दोन पानं आणि या चॅप्टरची पहिली दोन पानं एकापाठोपाठ बघा. साप्ताहिक लेखनातली अर्धी निरीक्षणं या चार पानांत मिळतात. मागच्या वेळी जे लटकवलं होतं त्याचं उत्तर दिलं का, की दुसऱ्याच ठिकाणी नेऊन वाट पाहायला लावली? नेलं असेल तर तिथे नवं काही मिळालं का?

मग लिहायला बसा. तीनशे-चारशे शब्द पुरे, त्यांतले गोषवाऱ्याला पन्नास. वाचणाऱ्याने चॅप्टर वाचलेला आहे असं धरून चाला आणि ज्याने वाचलेला नाही त्याच्यासाठी मथळ्यात काहीही फोडू नका. कोण मेलं हे मथळ्यात लिहिणं हा दुसऱ्याचा आठवडा हिरावून घेण्याचा प्रकार आहे.

उदाहरण घेऊ. 'वन पीस' या मालिकेचा १०००वा चॅप्टर ४ जानेवारी २०२१च्या अंकात आला. शीर्षक 'स्ट्रॉ हॅट लुफी'. लुफी हा मालिकेचा नायक. "लुफीने कायदोला जबरदस्त ठोसा मारला, अंगावर काटा आला" ही झाली प्रतिक्रिया. खरी आहे, पण ती कुठल्याही चॅप्टरला चिकटवता येईल. आता जवळून बघा. १९९७च्या जुलैमध्ये आलेल्या पहिल्या चॅप्टरमध्ये लुफी एकटा छोट्या होडीत बसून समुद्रात निघतो, समोर आलेल्या राक्षसी जलचराला एका ठोशात गार करतो आणि जाहीर करतो की मी समुद्री चाच्यांचा राजा होणार. हजाराव्यात समोर जगातला सर्वांत बलाढ्य मानला जाणारा प्राणी, कायदो, आहे. आधी ठोसा, मग तोच दावा, नाव सांगून. चाल तीच, फक्त मधे तेवीस वर्षं गेली आहेत. शिवाय तो जोडअंक होता, म्हणजे पुढच्या सोमवारी अंकच नव्हता. वाचक त्या वाक्यावर दोन आठवडे थांबला. आज खंडात वाचणाऱ्याला ते वाक्य मिळतं. ते दोन आठवडे मिळत नाहीत. ज्यांनी त्या वेळी लिहून ठेवलं, त्यांच्याकडेच ते आहेत.

"या आठवड्यात काहीच घडलं नाही" हे वाक्य लिहिण्याआधी थांबा. साप्ताहिक वाचकाला जो मजकूर अडीच महिन्यांत मिळतो तो खंडवाला तासाभरात वाचतो. तयारीचा चॅप्टर खंडात पाच मिनिटांचा असतो, आपल्याला तो आठवडाभर पुरवायचा असतो. तेव्हा दोन मतं वेगळी ठेवा: या आठवड्याला कसं वाटलं आणि खंडात हे कसं बसेल. पहिलं खात्रीने सांगता येतं, दुसरं अंदाजाने. दोन्ही एकत्र कालवली की तीन आठवड्यांत सूर रडका होतो, आणि हे मी चांगल्या चांगल्या लिहिणाऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

अंदाजांबद्दलही तेच. पुढे काय होईल हे जरूर लिहा, पण एकच अंदाज, तारखेसह, आणि कोणत्या चौकटीवरून बांधला ते सांगून. नंतर तो पुसू नका. अंदाज चुकला म्हणून लेखकाला दोष देणं ही या छंदातली सर्वांत वाईट सवय. आपण मनात एक गोष्ट रचतो आणि छापून आलेली गोष्ट तिच्यासारखी नाही म्हणून रागावतो.

आठवड्याच्या मध्यात फुटलेली पानं, म्हणजे लीक, यांवरून लिहू नका. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय वाचन म्हणूनही निकामी आहे. धुरकट फोटो आणि दोन ओळींचा सारांश यांत घटना कळते, लय कळत नाही. रविवारी चॅप्टर उघडतो तेव्हा त्यावर आधीच मत बनवून बसलेले लोक तो नीट वाचतच नाहीत.

श्रेय आणि दोष कुणाला, तेही तपासा. पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या कडेला उत्कंठा वाढवणारी जी ओळ असते ती मासिकाचा संपादक लिहितो. खंडात ती नसते. ती उद्धृत करून "लेखकाने सूचकपणे म्हटलंय" असं लिहिलेलं मी वारंवार वाचते, आणि त्यावर उभे केलेले सिद्धान्तही. तसंच अंकातल्या क्रमाचं. 'जंप'च्या अंकात वाचक आपल्या तीन आवडत्या मालिका कळवतात आणि मालिकांच्या क्रमात त्या कौलाचं प्रतिबिंब असतं, पण ते काही आठवडे जुनं. नव्या मालिका आणि रंगीत पानं मिळालेल्या मालिका त्या हिशेबाबाहेर. म्हणून एका अंकात मालिका मागे गेली की "आता बंद पडणार" असं लिहू नये.

आणि भाषांतर. आपण वाचतो ते इंग्रजी, मूळ जपानी. इथे मराठी वाचकाची एक बाजू भक्कम आहे, ती वापरली जात नाही याचं वाईट वाटतं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही टोकाला. "मी तुला माफ करणार" संवादाच्या एका फुग्यात आणि पान उलटल्यावर "नाही" दुसऱ्या फुग्यात, ही करामत मराठीत जशीच्या तशी उतरते. इंग्रजीला नकार आधीच सांगून टाकावा लागतो. त्यामुळे एखादं वाक्य चौकटीतल्या चेहऱ्याच्या एक पाऊल पुढे गेलंय असं वाटलं, तर ते मराठी क्रमाने लावून पाहा. बऱ्याचदा चेहरा आणि शब्द जुळून येतात. संबोधनाचंही तसंच. 'नारुतो' या मालिकेत साकुरा एकाला 'सासुके-कुन' म्हणते ('कुन' हे नावापुढे लावायचं आपुलकीचं संबोधन) आणि दुसऱ्याला नुसतं 'नारुतो'. इंग्रजीत दोन्ही नावं सारखीच उघडी पडतात. तू, तुम्ही, अहो, अरे यांत वाढलेल्या वाचकाला तो फरक समजावून सांगावा लागत नाही.

पण मराठीत एक खड्डाही आहे. जपानी वाक्यात कर्ता गाळता येतो आणि क्रियापदाला लिंग नसतं. बुरखा घातलेलं पात्र तीन-तीन महिने कोण आहे हे न सांगता वावरू शकतं. आपण मात्र "तो आला" किंवा "ती आली" लिहून मोकळे होतो आणि मूळ लेखकाने झाकून ठेवलेलं नकळत ठरवून टाकतो. 'आले' असं आदरार्थी लिहिलं तरी पुरुषच उभा राहतो. अशा वेळी वाक्य फिरवायचं: "बुरखेधारी व्यक्ती आली", "पुढच्या आठवड्यात चेहरा दिसणार", "हात तोच, अंगठी तीच". 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी माणसाबद्दल काही फोडत नाही. पुढचे चॅप्टर येईपर्यंत तेवढं झाकलेलं राहू द्यावं.