ताई, तुम्हाला भीती नाही वाटत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. दर प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतंच, ताई एवढ्या लोकांपुढं बोलताना तुम्हाला भीती नाही वाटत का, आणि आम्हाला कधी जमायचं? माण-खटावकडच्या गावांत बचत गटाच्या बायका आणि ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य, यांच्यासोबत माझं काम असतं, त्यामुळं हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याचा हिशोबच नाही.

वाटते. आजही वाटते. नाव पुकारायच्या आधीची पाच मिनिटं तळहात गार पडतात, घशाला कोरड पडते. धोका वाटला की अंगात अ‍ॅड्रेनलीन सुटतं आणि छाती धडधडायला लागते, ते तुमच्याही अंगात होतं आणि भल्याभल्या वक्त्यांच्याही. बोलायला लागल्यावर दोन-तीन मिनिटांत ते बरंच खाली बसतं. म्हणून भीती गेल्यावर बोलू असं म्हणत थांबू नका, तशी वेळ येत नाही.

माझं पहिलं भाषण 3 जानेवारीचं होतं, सावित्रीबाईंच्या जयंतीचं. कुणाकडून तरी चार पानं लिहून घेतली होती, रात्री दीडपर्यंत जागून पाठ केली. सकाळी उभी राहिले, 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली इथपर्यंत धडाधड आले आणि पुढचं वाक्य गेलं. गेलं म्हणजे गेलंच. समोर सत्तर-ऐंशी बायका, माइकमधून माझाच श्वास ऐकू येतोय, आणि मी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणतेय. शेवटी धन्यवाद म्हणून खाली बसले, घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

पुढं बरेच दिवस त्यावर विचार केला तेव्हा लक्षात आलं की सावित्रीबाईंबद्दल मला सांगायचं खूप होतं, माझी आजी शाळेत गेली नाही, आई चौथीपर्यंत गेली, हे सगळं मी न अडखळता तासभर सांगितलं असतं. पण ती चार पानं माझ्या तोंडची नव्हतीच. ‘ज्ञानाची गंगा घरोघरी पोहोचवणाऱ्या’ असं मी जन्मात कधी बोलत नाही. आणि पाठांतराचं असं असतं की साखळीची एक कडी निसटली की पुढचं सगळं निसटतं.

तेव्हापासून मी भाषण लिहून तयार करत नाही, बोलून करते. तुम्हालाही हेच सांगते. भाकरी थापताना जावेला सांगा, रानात बरोबरच्या बाईला सांगा, की बाई मला उद्या हे हे बोलायचंय. पहिल्यांदा गोंधळ होईल, दुसऱ्यांदा कमी होईल, तिसऱ्या-चौथ्या वेळेला वाक्यं आपोआप नीट लागतात आणि ती तुमचीच असतात, विसरली तरी दुसरी सुचतात. मग चिठ्ठीवर फक्त चार शब्द लिहायचे. पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य, कारण छाती धडधडत असताना तेवढा आधार लागतो. आणि मोबाईलवर एकदा रेकॉर्ड करून ऐका, स्वतःचा आवाज ऐकवत नाही हे मला माहितीय, तरी ऐका, कारण दर वाक्याला आपण किती वेळा ‘म्हणजे’ म्हणतो ते तिथंच कळतं.

बोलायचं कसं हे शिकायला कुठं लांब जायला नको, गावात सप्ताह बसला की कीर्तनाला नीट लक्ष देऊन बसा. महाराज एक अभंग घेतात. एकच. दोन तास त्यावर बोलतात, दाखले कुठून कुठून आणतात, पण फिरून फिरून ध्रुपदावर येतात, त्यामुळं शेवटी बसलेल्या म्हातारीलाही घरी जाताना विचारलं आज काय सांगितलं तर ती सांगते. आणि मधे मधे विठ्ठल विठ्ठल सुरू होतं, टाळ-मृदंग वाजतात, तेवढ्यात ऐकणाऱ्याला दम मिळतो आणि महाराजांनाही. आपल्याकडं टाळकरी नसतात, पण थांबता येतंच की. एक महत्त्वाचं वाक्य झालं की मनात दोन आकडे मोजा, मग पुढं बोला. तुम्हाला ती शांतता फार मोठी वाटते, समोरच्याला नाही.

माइकचं थोडक्यात: तोंडापासून चार बोटं लांब, हनुवटीच्या जरा खाली, ठोकून बघू नका, आणि शिट्टी वाजली तर साउंडबॉक्सच्या पुढून बाजूला सरका.

हे सगळं मी इतकं जीव तोडून का सांगते, तर 2011 पासून आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, खुर्ची मिळाली, पण अजून कितीतरी सभांना बाई खुर्चीत आणि बोलतोय नवरा, हे मी डोळ्यांनी बघते आणि मला ते सहन होत नाही. पहिल्यांदा बोलायचं असेल तर महिला ग्रामसभेत बोला, ती मोठ्या ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते असं कायद्यातच आहे. तिथं सगळ्या ओळखीच्या असतात.

एका गावातली ताई अशीच तिथून सुरू झाली. विषय नळाच्या पाण्याचा. तिनं आणलेल्या कागदावर सन्माननीय व्यासपीठापासून सुरुवात होती आणि पुढं पाणी म्हणजे जीवन वगैरे. मी कागद बाजूला ठेवला, म्हटलं तुझ्या घरात पाणी येतं किती ते सांग. म्हणाली दिवसाआड बारा हंडे. हंडा केवढा? तिनं घरी जाऊन लिटरच्या बाटलीनं मोजला, पंधरा लिटर भरला. घरात माणसं सहा. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून हिशोब केला, माणशी दिवसाला 15 लिटर पडत होते. जल जीवन मिशनचं माप आहे माणशी 55.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ती उठली. पदर मुठीत घट्ट धरलेला, आवाज बारीक. म्हणाली, "सरकार माणशी 55 लिटर म्हणतंय, माझ्या घरात 15 येतंय. मधले 40 कुठं जातात?" आणि थांबली. दोन आकडे नाही, चांगले चार-पाच मोजून होतील एवढी थांबली, मागं दारात उभे असलेले दोघं-तिघं आत येऊन बसले. मग म्हणाली, "कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडणार ते फळ्यावर लिहा, आणि तसा ठराव आजच घ्या." संपलं. मिनिटभरसुद्धा झालं नसेल.

खाली बसल्यावर माझ्या कानाशी आली, ताई, माझा आवाज लई कापत होता का? मी म्हटलं, हो, कापत होता. तेवढ्यात पुढून ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग बुकातून मान वर करून विचारलं, "सूचक म्हणून कुणाचं लिहू? पूर्ण नाव सांगा," आणि ती परत उठली, माइक तिच्यापर्यंत पोचायच्या आतच तिनं नाव सांगून टाकलं.