ह्येका कामधंदो काय आसा?

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

सासूबाईंना सिनेमाला न्यायचं तर एका प्रश्नाची तयारी ठेवावी लागते. नायक पडद्यावर आला, एखादं गाणं झालं, की त्या माझ्याकडे कलून विचारतात, "ह्येका कामधंदो काय आसा?" माहेर कुडाळकडचं. मालगुंडात उभा जन्म काढला तरी मालवणी सुटलेली नाही, आणि आवाज हळू करायची सवय तर कधीच नव्हती. मागच्या रांगेतले हसतात. पूर्वी मी अवघडून जायचे, आता तोच प्रश्न माझ्याही डोक्यात येतो. त्याचं बरं उत्तर मिळालं की सिनेमा भुताचा असो, प्रेमाचा असो, मला चालतो.

'सैयारा' भाचीच्या हट्टापायी पाहिला. भाची रडली, तिच्या पलीकडची अनोळखी मुलगीही रडली. नायक गातो, नायिका बातम्या लिहिते, म्हणजे उत्तर होतं. पण ते ऑफिस दोघांची गाठ पडण्यापुरतंच. तिचं विसरणं सुरू होतं तिथे मात्र गळा दाटून आला. बाकी गाणी चांगली.

'छावा'ला हा प्रश्न लागू नाही, तरी त्याच्याबद्दल तक्रार आहे. संगमेश्वर आमच्यासाठी रोजचं गाव. महामार्गावर एसटी थांबते तेच. शास्त्री-सोनवीचा संगम, कर्णेश्वराचं देऊळ, कसब्याची ती दाट झाडी डोळ्यांपुढे असताना पडद्यावरचं १६८९ मधलं संगमेश्वर परक्या मुलखातलं वाटत राहिलं. विकी कौशलने जीव ओतलाय, पण इतकी आरडाओरड की कान किटले. मला भीती वाटली ती अक्षय खन्नाची. आवाज न चढवता बोलतो म्हणून. शेवटच्या छळाच्या प्रसंगात सासूबाईंनी डोळे मिटून घेतले ते पार संपेपर्यंत.

त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा 'बारावी फेल'. २०२३ चा, आम्ही तो घरीच मोबाईलवर पाहिला. पिठाच्या गिरणीत राबणारा आणि तिथेच पुस्तक उघडून बसणारा पोरगा दिसल्यावर त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. 'लापता लेडीज'मध्येही तेच. सगळे त्या हरवलेल्या नवऱ्या मुलींबद्दल बोलतात, माझ्या लक्षात राहिली ती स्टेशनवर टपरी चालवणारी मंजूमाई. छाया कदमने काय केलीय! फूलने केलेला कलाकंद विकला जातो आणि तिच्या हातावर पैसे पडतात, तो प्रसंग भाषणबाजीच्या दहा सिनेमांना भारी आहे. पतपेढीत पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं खातं उघडायला येणाऱ्या बायका मी बघते, त्यांचा चेहरा अगदी तसाच असतो.

'मुंज्या'वर घरात दोन तट. मुलाला तो फार आवडला, आणि हसू येतं हे मलाही कबूल. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण कोकण म्हटलं की भूत, हे आता पुरे. आदित्य सरपोतदारने निदान घरातल्या बायका खऱ्या ठेवल्यात. सुहास जोशींची आजी आणि पार्लर चालवणारी मोना सिंगची आई हे त्या भुतापेक्षा जास्त बघण्यासारखं आहे. (सासूबाईंचा निकाल वेगळा. "मुंजो असो नाचणा नाय.")

हे सगळं आज लिहायला बसले ते 'दशावतार'मुळे. रत्नागिरीला दुपारचा खेळ पाहिला. रात्रीच्या खेळाला गेलं तर शेवटची एसटी चुकते. आमच्याकडे नमन आणि जाखडी, दशावतार हे रात्रभर चालणारं लोकनाट्य तळकोकणातलं. त्यामुळे सासूबाई त्या दिवशी जत्रेला निघाल्यासारख्या नवी साडी नेसून तयार. त्यांचे एक मामा स्त्रीपार्टी होते. रात्रभर द्रौपदी व्हायचे, दुसऱ्या दिवशी लोकांच्या शेतावर कामाला. "रातचो राजा, सकाळी कपाळार बोजा" ही म्हण मी त्यांच्याकडूनच ऐकली. पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या जत्रेला चालत जायचं, तिथे संकासूर नाचवायचा, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाहीच, बोलणं जागच्या जागी सुचेल ते.

दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री हे सगळं अंगावर वागवतो. प्रभावळकरांचं स्वतःचं वय ८१, आणि डोळे अधू झालेला तो म्हातारा तोंडाला रंग लावायला बसतो तेव्हा बोटांना सगळं पाठ असतं. मुलगा म्हणतो आता थांबा, बापाचे पाय थांबत नाहीत. इथपर्यंत सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. मामांची आठवण झाली असावी. मध्यंतरानंतर सिनेमा खाणवाल्यांच्या मागे लागतो, सूड येतो, दणदणीत संगीत येतं. थिएटर टाळ्या वाजवत होतं, मीही वाजवल्या. पण मला पहिला अर्धा भाग अजून हवा होता. रात्रीचा खेळ संपल्यावर पहाटे नाईट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन, वाटलं जातं, कोणाला किती, त्यावरून कुरबूर होते, ते दाखवलं असतं तर? मुलगा म्हणतो, ते बघायला कोण येईल.

सासूबाईंचं म्हणणं तिसरंच. प्रभावळकरांचं सगळं पटलं, मालवणीही चालून गेली, पण पायपेटीवाल्याला (पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम) पडद्यावर फार कमी वेळ मिळाला. "तो नाय तर नाटक कसला?" एसटीत बसल्यावरही हेच चालू होतं, शेवटी पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मागे वळून त्यांना दुजोरा दिला. ते मृदंग वाजवायचे म्हणे. मग गणपतीपुळ्यापर्यंत दोघांचं जे सुरू झालं त्यात मला तोंड उघडायला जागा नव्हती.

मुलाला आता 'कांतारा' बघायचाय. भातकापणी आटपली तर दिवाळीआधी जाऊ. पाऊस अजून गेलेला नाही.