जुन्या लेखांची डागडुजी

आजचा दिवस ब्लॉगवरचे जुने लेख उपसण्यात गेला. नवं काही लिहिण्याआधी हे करावंच.

सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, 16 महिन्यांपर्यंतचे आकडे दाखवतं. त्यात इंप्रेशन (शोधात लेख किती वेळा दिसला) भरपूर, क्लिक कमी आणि शोधातला सरासरी क्रमांक 8 ते 20 असे लेख आधी धरा. पार तळातल्यांवर वेळ घालवू नका. मग लोक नेमकं काय शोधत आले ते बघा. उकडीच्या मोदकांचा लेख असेल, तर शोध बहुधा ‘मोदक का फुटतात’ असा असतो आणि लेखात मात्र गणपतीची महती! तिथे सरळ लिहा: पिठी जुनी असली, उकड नीट मळली नाही किंवा सारण ओलं राहिलं, की पारी फुटते. एक कप पिठीला साधारण एक कप पाणी.

लिंक बदलू नका. बदललीच तर 301 रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून आपोआप नव्या लिंकवर नेणारी कायमची सोय) लावा, नाहीतर जुन्या लिंकवरून येणारा वाचक ‘पान सापडलं नाही’ अशा पानावर आपटतो. नुसती तारीख बदलणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. आणि हो, सणाचा लेख सणाच्या आदल्या दिवशी नाही, दीड महिना आधी दुरुस्त करायचा.