आर्गोसमधील न दिसणारी समाधी

ग्रीसमधल्या मायसीनी या प्राचीन नगरीविषयी मी फारसे लिहिणार नाही. सिंहद्वारापाशी इतकी झुंबड होती की दगडांपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक पाहिल्या. जवळच्या आर्गोस गावी मात्र मी एका समाधीसाठी उतरले, आणि ती समाधी आज तेथे दिसत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानिअस हा प्रवासी आर्गोसच्या बाजारचौकात आला, तेव्हा लोकांनी त्याला मातीचा एक उंचवटा दाखवला. त्याखाली मेडुसाचे, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या पुराणातल्या राक्षसीचे, शिर पुरले आहे, असे ते सांगत. त्याच्याच शेजारी, मेडुसाला मारणाऱ्या पर्सिअसची मुलगी गॉर्गोफोनी हिची समाधी होती. पहिला पती पेरिएरीस वारल्यावर तिने इबालसशी लग्न केले, आणि पुनर्विवाह करणारी ती पहिली स्त्री, कारण तोपर्यंत विधवा तशाच राहत असत, असे पौसानिअसने नोंदवले आहे. त्या चौकाचे अवशेष प्राचीन नाट्यगृहासमोर, रस्त्याच्या पलीकडे आहेत. मार्च महिना होता. खांबांच्या तुटक्या बुंध्यांमध्ये पिवळी फुले उगवली होती आणि माझ्याखेरीज तेथे कोणीही नव्हते. तासभर मी तशीच बसून राहिले.

स्पार्टाचा राजा टिंडारिअस, म्हणजे जिच्यावरून ट्रॉयचे युद्ध झाले त्या हेलनचा पिता, नेमका कोणत्या घराण्यातला, हा गुंता याच स्त्रीपाशी येऊन थांबतो. अपोलोडोरसच्या नावावरील प्राचीन पुराणकथांच्या ग्रंथात एके ठिकाणी तो पेरिएरीस आणि गॉर्गोफोनी यांचा मुलगा आहे. हा पेरिएरीस इओलसचा पुत्र आणि स्पार्टाशेजारच्या मेसिनियाचा राजा, म्हणजे टिंडारिअसचे मूळ स्पार्टाबाहेरचे ठरते. पण पेरिएरीस हा किनोर्टसचा मुलगा, म्हणजे स्पार्टाच्याच राजवंशातला, असे पुष्कळजण म्हणतात, हेही तेथेच लिहिले आहे. पौसानिअसच्या मते टिंडारिअस तिच्या दुसऱ्या पतीचा, इबालसचा मुलगा. आणि आणखी एका पाठात पिता इबालसच राहतो, पण आई बाटिया नावाची जलदेवता होते.

मला यातला पौसानिअसचा पाठ सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात आजोळच्या रक्ताला किंमत आहे. भाऊ हिप्पोकूनने टिंडारिअसला राज्यातून हुसकावून लावले, तेव्हा तो अफारिअसकडे आश्रयाला गेला, असे मेसिनियाचे लोक सांगत. अफारिअस पेरिएरीसचा मुलगा, म्हणजे आईच्या पहिल्या घरचा भाऊ. स्पार्टाचे लोक हे मान्य करत नसत. त्यांच्या मते टिंडारिअस स्पार्टाच्याच मुलखातल्या पेलाना गावी गेला होता. ज्या मेसिनियाला स्पार्टाने पुढे शतकानुशतके दास्यात ठेवले, तिच्याशी आपल्या राजाचे नाते सांगणे त्यांना जड गेले असावे, असे मला वाटते.

माझी आत्या चोविसाव्या वर्षी विधवा झाली आणि तीन वर्षांनी तिने पुन्हा लग्न केले. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला; तरीही आमच्या घरच्या वंशावळीत तिच्या पहिल्या यजमानांचे नाव नाही आणि त्या घरच्या मुलाचेही नाही. तो दादा दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येत असे. पाहुण्यांनी ‘हा कोणाचा?’ असे विचारले की मोठी माणसे विषय बदलत. आर्गोसच्या त्या चौकात मला त्याचा खाली घातलेला चेहरा स्पष्ट आठवला, आणि त्या वेळी मीही गप्प राहत होते याचे फार वाईट वाटले.

स्थानकाजवळच्या खानावळीतल्या आजींनी न मागता दोन संत्री हातावर ठेवली आणि कोठून आले, कोणाची मुलगी, हे खुणांनी विचारले. अशा आपुलकीपुढे महागड्या हॉटेलातले आदरातिथ्य मला फिके वाटते.

दुसऱ्या दिवशी स्पार्टा. युरोटास नदीच्या पूर्वेकडील टेकडीवर, हेलन आणि तिचा पती मेनेलाउस यांच्या प्राचीन देवस्थानापाशी, समोर बर्फाने झाकलेला टायगेटस पर्वत पाहत मी वहीत वंशावळ काढली. गॉर्गोफोनी मधोमध, तिच्या दोन बाजूंना दोन्ही पती, आणि खाली सगळी मुले एकाच ओळीत. त्याखालच्या पानावर आत्याची वंशावळ काढली, आणि दादाचे नाव लिहिले.