रिमॅप केल्यावर वॉरंटीचं नेमकं काय होतं

"सर्व्हिसला जायच्या आधी स्टॉक फाईल परत टाकून देतो, कोणाला काही कळत नाही." ईसीयू रिमॅपची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याची, चौकशी केलेल्या प्रत्येकाने ट्यूनरकडून हे वाक्य ऐकलेलं असतं (स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ), आणि माझ्या मते या सगळ्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय. मी रिमॅपच्या विरोधात अजिबात नाही हे आधीच सांगतो, नीट केलेला स्टेज वन (पार्ट न बदलता केलेला रिमॅप) चालवायला काय मजा येते ते मला माहितीये, खासकरून टर्बो डिझेल, ताम्हिणीत तिसऱ्या गिअरमध्ये जी खेचते ती खेचतेच. पण माणसाने पैसे देताना काय देतोय आणि काय गमावतोय हे दोन्ही माहीत असायला पाहिजे, आणि गमावण्याबद्दल कोणी नीट बोलत नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, त्याच्या आत आकड्यांचे तक्ते असतात, त्यांना मॅप म्हणतात. ॲक्सिलरेटर एवढा दाबला, आरपीएम एवढे, हवा एवढी आत आली तर इंधन किती, कधी, टर्बोचा बूस्ट (आत ढकललेल्या हवेचा दाब) किती, रेल प्रेशर (इंधनाचा दाब) किती, आणि सगळ्यात वर टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या खेचायच्या जोराची, कमाल मर्यादा. ट्यूनर हे तक्ते वाचतो, बदलतो, परत लिहितो, तोच रिमॅप. पार्ट काही बदलत नाही, म्हणून लोकांना वाटतं की गाडीला हातच लावला नाही.

आणि मग पुढचा युक्तिवाद येतो, की कंपनीच इंजिन दाबून विकते, ताकद तर आतमध्ये आहेच. यात अर्धं खरंय. आपल्याकडचं १.३ मल्टिजेट घ्या, स्विफ्टमध्ये ७५ पीएस, एसएक्सफोरमध्ये ९०, लिनियात ९३, इंजिन तेच. पण ७५ वाल्याला साधा टर्बो आणि ९० वाल्याला व्हेरिएबल जिओमेट्रीचा (आतली पाती गरजेनुसार वळणारा), म्हणजे फक्त सॉफ्टवेअरचा खेळ नाही तो. दुसरं उदाहरण आपल्या रांजणगावच्या फियाटचंच, १.४ टी-जेट पेट्रोल इंजिन लिनियात ११४ पीएसने आलं, आणि २०१५ मध्ये अबार्थ पुंटोत तेच इंजिन १४५ वर. म्हणजे कंपनीने स्वतः ताकद वाढवून विकली, पण सोबत चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, गाडी खाली बसवली, टेस्टिंग केलं, आणि त्या सगळ्यावर वॉरंटीची सही केली.

मला नेहमी हाच मुद्दा सांगावासा वाटतो. स्टॉक गाडीत जी ताकद 'शिल्लक' दिसते ना, तीच तर वॉरंटी आहे. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, पाच माणसं आणि सामान भरून एसी लावून चढलेला घाट, कुठल्यातरी पंपावरचं भेसळीचं इंधन, वेळेवर न बदललेलं ऑईल, या सगळ्यातून इंजिन तीन वर्षं किंवा लाख किलोमीटर तग धरेल असा शब्द कंपनी देते तो या शिलकीच्या जोरावर. (मारुतीने पण जुलै २०२४ पासून तीन वर्षं, एक लाख किलोमीटर केलंय.) रिमॅप म्हणजे ती शिल्लक काढून खर्च करणं. खर्च करा, गाडी तुमची आहे, पण मग त्याच शिलकीवर उभा असलेला शब्द तसाच राहील असं कसं धरता?

बरं आता 'कळत नाही' वाल्या गोष्टीकडे येतो, कारण इथेच लोक फसतात.

बऱ्याच ईसीयूमध्ये आतलं सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याचा काउंटर असतो. ट्यूनरने एकदा फाईल टाकली, सर्व्हिसच्या आधी परत मूळ टाकली, दोन वेळा लिहिणं झालं, आणि कंपनीच्या रेकॉर्डला मात्र एकही अपडेट नाही, मग हा आकडा कुठून आला? दुसरी गोष्ट सीव्हीएन, कॅलिब्रेशन व्हेरिफिकेशन नंबर, म्हणजे आतल्या तक्त्यांवरून गणित करून निघणारा एक आकडा. तो ओबीडी पोर्टमधून (गाडीतलं तपासणीचं सॉकेट) साध्या स्कॅनरने पण वाचता येतो आणि तक्त्यात बदल केला की हा आकडा जुळत नाही. अमेरिकेत जीएमने (जनरल मोटर्स) तर त्यांच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या बाबतीत डीलरांना लेखी कळवलं होतं की इंजिन किंवा गिअरबॉक्स वॉरंटीत बदलायच्या आधी या आकड्यांचा फोटो काढून पाठवा. फोक्सवॅगन-ऑडीची तिकडची पद्धत अजून थेट आहे, सर्व्हिसचा कॉम्प्युटर कंपनीच्या सर्व्हरला जोडला आणि सॉफ्टवेअर जुळलं नाही की त्या गाडीच्या नावावर टीडी-वन नावाची नोंद पडते. ती पडली की इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम संशयाखाली, मग गाडी कुठल्याही डीलरकडे न्या.

ट्यूनिंग बॉक्सवाले म्हणतात आमचा बॉक्स काढला की विषय संपला. बॉक्स काय करतो, तर रेल प्रेशर किंवा बूस्टच्या सेन्सरच्या वायरीत मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटा, कमी आकडा दाखवतो, मग ईसीयू बिचारा अजून प्रेशर वाढवत राहतो. खरंय, यात फाईल लिहिली जात नाही, काउंटर हलत नाही. पण फॉल्ट येतो तेव्हा ईसीयू त्या क्षणाचे आकडे गोठवून ठेवतो, आरपीएम, लोड, तापमान, बऱ्याच गाड्यांत किलोमीटरसकट, आणि ते आकडे एकमेकांशी मेळ खात नाहीत हे जाणकार माणसाला दिसतं. वायरीच्या कनेक्टरवर वारंवार काढल्या-घातल्याच्या खुणा राहतात त्या वेगळ्याच. आणि हल्लीच्या कडक लॉकवाल्या ईसीयूंना तर बऱ्याचदा गाडीतून काढून बेंचवर घ्यावं लागतं, काहींची पेटी उघडावी लागते, मग ते सील बघायला लॅपटॉप पण लागत नाही.

यावर हमखास एक उत्तर येतं, "अरे माझ्या सगळ्या सर्व्हिस झाल्या रिमॅपनंतर, कोणी काही बोललं नाही." बरोबर आहे, बोलणारच नाही, कारण ऑईल बदलायला आलेल्या गाडीचे मॅप कोण कशाला बघत बसेल. बघतात कधी, तर टर्बो गेला, इंजेक्टर गेले, पिस्टन गेला, लाखांतला क्लेम वर पाठवला, तेव्हा कंपनीची टेक्निकल टीम लॉग मागते. म्हणजे ज्या दिवशी वॉरंटीची खरी गरज पडते नेमकं त्याच दिवशी तपासणी होते. माझ्या ओळखीतल्या एकाची डिझेल एसयूव्ही, टर्बो गेला, त्याने आदल्या रात्री स्टॉक फाईल टाकून घेतली होती, तरी क्लेम नाकारला, आणि वर त्याच्याच ट्यूनरने फोन उचलायचं बंद केलं. खर्च सगळा त्याच्या खिशातून. मला राग आला तो क्लेम नाकारण्याचा नाही, कोणाला कळणार नाही असं छातीठोकपणे सांगून पैसे घेतले गेले याचा.

मग सगळी वॉरंटी जाते का? नाही, आणि हे पण तितकंच ठासून सांगायला पाहिजे कारण डीलर लोक दुसऱ्या टोकाला जाऊन 'व्हॉइड', म्हणजे वॉरंटी रद्द, हा शब्द फेकतात. काच वर-खाली करणारी मोटर, एसीचा कॉम्प्रेसर, म्युझिक सिस्टिम, दरवाजाचं लॉक, यांचा इंजिनच्या मॅपशी काय संबंध? गिअरबॉक्स, क्लच, टर्बो, इंजेक्टर, ड्राईव्हशाफ्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) हे सगळं मात्र धोक्यात, कारण वाढलेला टॉर्क आणि वाढलेली उष्णता यांच्यातूनच जाते.

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, तिकडचे लोक उठसूट त्याचं नाव घेतात, की बाहेरचा पार्ट लावला एवढ्या कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवायला पाहिजे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, आणि तिकडचे व्हिडिओ बघून इकडच्या सर्व्हिस ॲडव्हायझरशी भांडायला जाऊ नका. आपल्याकडे जवळचं काय आहे तर २५ ऑगस्ट २०१४ चा कॉम्पिटिशन कमिशनचा, म्हणजे स्पर्धा आयोगाचा, आदेश. चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता स्पेअर पार्ट आणि बाहेरच्या गॅरेजची अडवणूक केल्याबद्दल. (कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, ते वेगळं.) त्यात असं म्हटलंय की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा. तो आदेश रिपेअरबद्दल आहे, रिमॅपबद्दल नाही, पण त्यातला विचार मला पटतो आणि रिमॅपला पण तोच लावला पाहिजे असं माझं मत आहे, नुकसानीपुरतं नाकारा, बाकीचं द्या.

दुसऱ्या बाजूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं (सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचं) प्रकरण आहे, त्यात कलम ८७ सरळ सांगतं की नुकसान झालं तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर तसा दावा करता येत नाही. आणि व्यवहारात काय होतं, क्लेम नाकारला की भांडायचं तुम्हाला, जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तुम्हाला, दोष मूळचाच होता हे पटवायचं तुम्हाला, तोपर्यंत गाडी वर्कशॉपच्या आवारात धूळ खात उभी. गाडीच स्टॉक असती तर यातलं निम्मं ओझं समोरच्यावर असतं.

हे सगळं आत्ता लिहायला घेतलं कारण मावसभावाने फोक्सवॅगन ग्रुपची दीड लिटर टीएसआय डीएसजी (टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक) घेतली, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, आणि रनिंग इन पण झालं नाही तर स्टेज वनचं कोटेशन घेऊन बसलाय. मी त्याला एकच गोष्ट दाखवली. त्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० गिअरबॉक्स आहे आणि त्याची डिझाईनची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे. म्हणजे गाडी शोरूममधून निघते तीच मर्यादेला टेकून. आता कोटेशनवर तीनशेच्या आसपासचा आकडा आहे, आणि उद्या क्लच पॅक किंवा मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) गेलं तर कंपनीला काही सिद्ध करायची फार मेहनत पण पडणार नाही, दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की झालं. एक लिटर टीएसआयवाल्याला १७८ न्यूटन मीटर आहे, तिथे गिअरबॉक्सला तरी जागा आहे, पण वॉरंटीच्या नजरेत तोही बदललेलाच.

रस्त्यावरचा कायदा पण विसरू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे आणि परवानगी नसलेल्या फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. इन्शुरन्सला न कळवलेला बदल म्हणजे त्यांच्या हातात आयतं कारण. आणि डीपीएफ-ईजीआर डिलीट, म्हणजे धूर कमी करणारी यंत्रणाच बंद करणं, ते तर करूच नका, वॉरंटीसाठी नाही, तुमच्या मागे स्कूटरवर जो माणूस श्वास घेतोय त्याच्यासाठी.

अजून एक छोटी पण डोकेदुखीची गोष्ट, कंपनीचा सॉफ्टवेअर अपडेट आला की रिमॅप उडतो. डिझेलगेटनंतर (प्रदूषण चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर पकडलं गेलं ते प्रकरण) डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन ग्रुपने भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं होतं, त्यात मुख्य काम ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याचं होतं. अशा रिकॉलला रिमॅपवाली गाडी गेली की एकतर पैसे पाण्यात, नाहीतर फाईल जुळत नाही म्हणून गाडीच्या नावावर नोंद.

खरं तर यावर उपाय आहे आणि बाहेर तो चालतो. युरोपात फोर्डच्या फिएस्टा एसटीसाठी माउंट्यून या ट्यूनिंग कंपनीचा २१५ पीएसचा अपग्रेड डीलरकडेच मिळायचा, वॉरंटी तशीच. व्होल्वोचं पोलस्टार सॉफ्टवेअर तसंच. पन्नास हजार जास्त घ्या पण कंपनीच्या सहीने द्या, आपल्याकडे घेणारे लोक आहेत, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत गाडी बनते आणि तिथल्याच शहरातला पोरगा गल्लीतल्या लॅपटॉपवाल्याकडे जातो कारण अधिकृत रस्ताच नाही, हे मला खरंच वाईट वाटतं.

तोपर्यंत मावसभावाला सांगितलंय की वॉरंटी संपेपर्यंत थांब, टायर आणि ब्रेक पॅड चांगले टाक, आणि ज्याला थांबायचंच नाही त्याने निदान ट्यूनरकडून लेखी घ्यावं, कुठली फाईल, टॉर्कची मर्यादा किती ठेवली, आणि आधी वाचलेली स्वतःच्या गाडीची मूळ फाईल आपल्याकडे ठेवावी. ज्यांचा रिमॅप आधीच झालाय आणि काही बिघडलंय त्यांनी खोटं बोलू नका, लॉगमध्ये दिसतंच. पण नकार तोंडी घेऊ नका. कुठला पार्ट, बिघाडाचं कारण काय, रिमॅपशी त्याचा संबंध कसा, हे जॉबकार्डवर किंवा ईमेलवर मागा, आणि खिडकीच्या मोटरसाठी पण 'व्हॉइड' म्हणत असतील तर तो ईमेल घेऊन १९१५ वर, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईनला तक्रार टाका.