चाळीस चिठ्ठ्यांचा मध्य

दहावीला सांख्यिकीचे प्रकरण सुरू करताना आमच्या गणिताच्या सरांनी पुस्तक उघडलेच नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी देऊन, घरून शाळेत चालत यायला किती मिनिटे लागतात ते त्यांनी लिहायला सांगितले. चाळीस चिठ्ठ्या जमल्या आणि फळ्यावर ताळ्याच्या खुणा पडू लागल्या : ०-१० मिनिटांच्या वर्गात ६ जण, १०-२० मध्ये १२, २०-३० मध्ये ११, ३०-४० मध्ये ७ आणि ४०-५० मध्ये ४. माझ्या चिठ्ठीवर नेमके २० होते. ते पुढच्याच वर्गात का धरायचे, हे तेव्हा प्रथम कळले.

गृहीतमध्य (सोयीसाठी मानलेली सरासरी) २५ धरून, प्रत्येक वर्गमध्याच्या, म्हणजे वर्गाच्या मधोमध येणाऱ्या संख्येच्या, त्यापासूनच्या विचलनाला (फरकाला) १० ने भागून, वारंवारतेशी, म्हणजे त्या वर्गातल्या मुलांच्या संख्येशी, केलेल्या गुणाकारांची बेरीज उणे ९ आली. ती ४० ने भागून, १० ने गुणून २५ मध्ये मिळवली, म्हणजे मध्य (सरासरी) २२.७५ मिनिटे. पुस्तकातले उदाहरण इथे संपले असते. सरांनी मात्र चिठ्ठ्यांवरच्या मूळ संख्यांची बेरीज करायला लावली. ती ८९६ भरली आणि मध्य निघाला २२.४. आकडेमोड दोन्हीकडे बिनचूक होती. फरक पडला होता तो ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या सात मुलांमुळे, कारण ती सगळी एकत्र निघून बारा मिनिटांत शाळेत पोहोचत आणि आम्ही मात्र १०-२० च्या वर्गातल्या सर्वांना १५ या वर्गमध्यावर बसवले होते.

पुढे कामानिमित्त जनगणनेचे वयोगटांचे तक्ते हाताळताना हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर आली. तेथे ०-४, ५-९ असे गट असतात. खालच्या टोकातून ०.५ वजा आणि वरच्या टोकात ०.५ अधिक करून वर्ग सलग करण्याची रीत लावली, तर पहिल्या गटाचा वर्गमध्य २ येतो. परंतु वय पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदलेले असल्याने चार वर्षे अकरा महिन्यांचे मूलही ४ मध्येच मोजले जाते आणि वर्गमध्य २.५ घ्यावा लागतो. हे सुटले तर सर्व गट सारखेच घसरतात आणि सरासरी वय अर्ध्या वर्षाने कमी येते. शेवटचा ‘८० व अधिक’ हा गट तर वरून उघडाच असतो. त्याच्यासाठी कोणता वर्गमध्य मानला, हे मी उत्तराखाली आवर्जून लिहितो. सरांनीही त्या दिवशी २२.७५ पुसले नव्हते, त्याच्या शेजारी २२.४ लिहून दोन्हींमधले अंतर तास संपेपर्यंत फळ्यावर तसेच राहू दिले होते.